एका पुनर्विवाहाची हकीगत

इसवी सन १८९३ च्या मार्च महिन्याच्या ११ तारखेस पुणे शहरात एक लग्न लागले. वर फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे प्रोफेसर. वय पस्तिशीच्या उंबरठ्यावर. पहिली पत्नी वारलेली आणि पदरी अकरा वर्षांचा एक मुलगा. येथवर नवलाचे काहीच नाही. विधुराने वर्ष सरण्याच्या आत पुन्हा बोहल्यावर उभे राहावे, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. ह्या गृहस्थांनी दीड वर्ष थांबावे, हेच एखाद्या शेजाऱ्यास विचित्र वाटले असेल. नवल होते ते वधूविषयी. तिचे पहिले लग्न आठव्या वर्षी झाले होते आणि ते लागून तीन-एक महिने लोटतात न लोटतात तोच तिच्या कपाळीचे कुंकू पुसले गेले होते. नवरा म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच जिला वैधव्य आले, ती बाई आता प्रौढपणी दुसऱ्यांदा लग्नास उभी राहिली. वर ते धोंडो केशव कर्वे. वधू देवरुखच्या बाळकृष्णपंत जोशी यांची कन्या गोदूबाई. लग्नात तिचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले, पण पुढे सगळे तिला बाया म्हणूनच ओळखू लागले.

ह्या लग्नात बेकायदेशीर असे काही नव्हते. पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या खटपटीने विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता. म्हणजे वराचा जन्म होण्यापूर्वीच सरकारने ही वाट मोकळी करून ठेवली होती. शास्त्राधारही काढून झाले होते. विष्णुशास्त्री पंडितांनी पराशरस्मृतीच्या आधाराने उभा महाराष्ट्र हालवून सोडला होता. मुंबईस १५ जून १८६९ रोजी वेणूबाई आणि पांडुरंग विनायक करमरकर यांचा पुनर्विवाह लागला. पुढील वर्षी पुण्यास शंकराचार्यांसमोर मोठा वाद झाला, आणि त्याचा निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला. विष्णुशास्त्र्यांनी १८७४ साली स्वतः एका विधवेशी लग्न लावून बोलण्याप्रमाणे करूनही दाखविले. कायदा होता, वचने होती, उदाहरणे होती. इतके असून ह्या सदतीस वर्षांत उच्चवर्णीयांत असे विवाह करणारे लोक बोटांवर मोजण्याजोगेच राहिले. असे का व्हावे?

ह्याचे कारण ग्रंथांत सापडावयाचे नाही. ते स्वयंपाकघरात आणि माजघरात शोधावे लागते. बहिष्कार हा शब्द आज नुसता वाचला तर त्याची धार कळत नाही. ज्याला वाळीत टाकले त्याचे पान पंक्तीतून उठते. त्याच्या घरी श्राद्धपक्षाला भिक्षुक मिळत नाही. आचारी आणि पाणक्या काम सोडतात. हेही एखादा मनुष्य सोसू शकेल. परंतु खरा घाव त्यानंतरचा असतो. त्याच्या बहिणीला सासरहून माहेरी पाठवीत नाहीत. त्याच्या भावाच्या मुलींना स्थळे येईनाशी होतात. म्हाताऱ्या आईला शेजारीण हळदीकुंकवाला वा कथेला बोलावीत नाही. अपराध एकाचा आणि दंड दहांना, अशी ती योजना होती. ज्यांनी ती बसविली त्यांना मनुष्यस्वभावाची चांगलीच पारख असली पाहिजे. स्वतःच्या जिवावर उदार होणारी माणसे प्रत्येक पिढीत दहा-पाच निघतात. आईच्या डोळ्यांतले पाणी पाहून मात्र त्यांतली नऊ माघारी फिरतात.

माधवराव रानड्यांचे उदाहरण ह्या बाबतीत महाराष्ट्रात पुष्कळ चघळले गेले आहे. त्यांची प्रथम पत्नी १८७३ साली वारली. तेव्हा रानडे एकतीस वर्षांचे, विधवाविवाहाच्या चळवळीचे मोठे आधारस्तंभ. आता मुलगा एखाद्या विधवेशी लग्न लावील, ह्या धास्तीने वडिलांनी घाईघाईने स्थळ पाहिले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात रानड्यांचे लग्न अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लागले. ह्या मुलीच्याच पुढे रमाबाई रानडे झाल्या आणि त्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत हा सारा प्रसंग कोणतीही कटुता न आणता लिहून ठेवला. विरोधकांनी रानड्यांना भित्रे म्हटले. न्याय त्याहून थोडा सावकाश करावयास हवा. सरकारची वक्रदृष्टी सोसूनही ज्याने आपली मते सोडली नाहीत त्या पुरुषाला भित्रा म्हणणे शोभत नाही. पण वडिलांच्या शब्दापुढे त्यांचे पाऊल अडखळले, हे खरेच आहे. आणि ज्या जागी ते अडखळले ती जागा नेमकी कोणती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुण्यातील हवाही १८९३ च्या सुमारास काही निराळी झाली नव्हती. तीन वर्षांपूर्वी, १८९० साली, पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर काही नामांकित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी ती घेतली, कोणी नुसती समोर ठेवून घेतली. गोपाळराव जोशी ह्या विक्षिप्त गृहस्थांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांसारख्यालाही त्यात ओढले गेले, आणि रानड्यांनी तर १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, ते आपल्यापायी इतरांच्या घरांत क्लेश नकोत म्हणून. एका पेला चहाची ही किंमत! मग विधवेशी लग्न लावणाऱ्याने कशाकशाची तयारी ठेवावयास हवी, ह्याचा हिशेब गणिताच्या प्रोफेसरांस खचित करता येत होता.

असे धाडस करणारा मनुष्य मुळातच बेडर असला पाहिजे, असा सर्वसाधारण समज असतो. कर्व्यांच्या बाबतीत तो सपशेल खोटा ठरतो. दापोलीजवळच्या मुरुड गावी वाढलेला हा मुलगा कमालीचा बुजरा होता. चारचौघांत बोलावयाचे म्हटले की त्याची जीभ टाळ्याला चिकटे. आपल्या ह्या भिडस्तपणाची कबुली त्यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात मोकळेपणाने दिली आहे. गावात सोमण नावाचे एक शिक्षक होते. त्यांच्या प्रेरणेने दुर्गादेवीच्या देवळात जमलेल्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम ह्या लाजाळू विद्यार्थ्याकडे आले. दुसऱ्याने लिहिलेले मोठ्याने वाचणे, एवढाच तो आरंभ. स्वतःचे चार शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारण्याची मजल फार उशिरा आली, आणि वक्तृत्व असे त्यांना कधी साधलेच नाही.

ह्याच मुलाची दुसरी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. वयाच्या सतराव्या वर्षी त्याला सरकारी नोकरीला लागणाऱ्या परीक्षेस बसावयाचे होते. पावसाळ्याचे दिवस; मुंबईची बोट बंद. तेव्हा सोबत्यांसह तो पायी निघाला आणि कुंभार्ली घाट चढून, पावसात भिजत, शंभराहून अधिक मैल तुडवून साताऱ्यास पोहोचला. तेथे परीक्षा समितीच्या प्रमुखांनी त्या किरकोळ शरीरयष्टीच्या मुलाकडे पाहिले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही असे म्हटले आणि त्याला परत पाठविले. आला तसा तो कोकणात परतला आणि दुसऱ्या वर्षी कोल्हापूर केंद्रावरून ती परीक्षा उतरला. चरित्रकार ह्या प्रसंगातून चिकाटीचा धडा काढतात, तो योग्यच आहे. पण आणखी एक गोष्ट त्यात आहे. साहेबापुढे ठासून दोन शब्द बोलणे ज्याला जमले नाही, त्याला शंभर मैल चालणे जमले. काही माणसांचे धैर्य जिभेत नसते. ते पायांत असते.

कर्वे १८८४ साली बी. ए. झाले, मुंबईत शिकवण्या आणि शाळा करून संसार चालवू लागले. लग्न पंधराव्या वर्षीच झालेले, पत्नी राधाबाई. १८९१ साली त्या वारल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात आले. एकीकडे घर मोडलेले आणि दुसरीकडे नवी, मानाची जागा मिळालेली. अशा वेळी शहाणा मनुष्य नसती विघ्ने अंगावर घेत नाही. चांगल्या पगाराच्या कोकणस्थ विधुराला कुमारिकांची वाण नव्हती. कर्व्यांनी मात्र ठरविले की, पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच; नाहीतर करावयाचे नाही.

हा निश्चय कसा झाला, ह्याचा विचार केला तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. त्यात आवेशाचा लवलेश नाही. त्यांनी कोणत्या सभेत प्रतिज्ञा केली नाही, वर्तमानपत्रात पत्र लिहिले नाही. पस्तिशीच्या पुरुषाने बारा वर्षांच्या मुलीशी लग्न लावावे, ती वयात येईपर्यंत वाट पाहावी, आणि आपण मेल्यावर तिने उरलेले आयुष्य अलवण नेसून काढावे, ही गोष्ट त्यांना आकडे मांडून पाहिल्यावर असह्य वाटली, एवढेच. ती पटल्यावर मग भीती जाण्याची वाट पाहत ते थांबले नाहीत. जाणारी ती भीती नव्हतीच. अनेकांची ह्या ठिकाणी फसगत होते: मन निर्भय होईल तेव्हा पाऊल उचलू, असे ते म्हणतात आणि पाहता पाहता केस पांढरे होतात. कर्व्यांनी भीतीला बरोबर घेतले आणि ते चालू लागले, जसा पाऊस बरोबर घेऊन साताऱ्याला गेले होते तसे.

मुंबईस असताना नरहरपंत जोशी हे त्यांचे जिवलग स्नेही आणि बिऱ्हाडातील सोबती. गोदूबाई ह्या नरहरपंतांच्या बहीण. आता त्यांची बाजू पाहिली पाहिजे. कारण ही हकीगत सांगताना बहुधा वराच्याच धैर्याचे पोवाडे गायिले जातात आणि वधू ही जणू त्याच्या धैर्याला लागणारे एक साहित्य, असे चित्र उभे राहते. वस्तुस्थिती उलट आहे. कर्व्यांना गमावण्यासारखे पुष्कळ होते हे खरे, पण त्यांच्या हाती पदवी होती, नोकरी होती, मित्र होते. गोदूबाईंच्या हाती काय होते? बालपणापासून सासरी राबणे, केशवपन, एकवेळचे जेवण, आणि मंगलकार्यात तोंड लपविणे, ह्यांतच त्यांची पहिली वीस-एक वर्षे गेली होती. भावाने मुंबईस बोलावून घेतले, ते त्याचे घर सांभाळण्यास. पण १८८९ च्या मार्चात पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदासदन काढले आणि तेथे शिकावयास आलेली पहिली विधवा म्हणजे ह्या गोदूबाई. अक्षरओळख व्हावयाची ती ह्या वयात.

शारदासदन पुढे पुण्यास आले तेव्हा गोदूबाई त्याबरोबर आल्या. लग्नाचे बोलणे निघाले तेव्हा त्या तेथेच होत्या. वडील बाळकृष्णपंत आणि बंधू नरहरपंत यांची संमती मिळाली, आणि रमाबाईंचे पाठबळ होतेच. देवरुखसारख्या गावी राहणाऱ्या त्या वृद्ध पित्याचे नाव ह्या कथेत कोणी फारसे घेत नाही. जावयाला पुण्यात चार विद्वान पाठीराखे मिळाले. सासऱ्याला आपल्या गावी नुसता बहिष्कारच मिळावयाचा होता, आणि तो पत्करून त्याने होकार दिला.

स्वतः गोदूबाईंची भीती कोणत्या प्रकारची असेल? सुखाची भीती, असे म्हटले तर ते खोटे होणार नाही. ज्या बाईला लहानपणापासून सर्वांनी सांगितले की, तुझे दर्शन अपशकुनी, तू हसू नकोस, तू पुढे येऊ नकोस, तिला एका सकाळी हिरवा चुडा भरून अंगणात उभे राहावयास सांगणे म्हणजे काही लहान गोष्ट नव्हे. दुःखाची सवय अंगवळणी पडली की तेच घर वाटू लागते, आणि ते घर सोडतानाही पोटात कालवते. आनंदीबाईंनी उतारवयात 'माझे पुराण' ह्या नावाने आपली कथा सांगितली, ती १९४४ साली छापली गेली. त्या पुस्तकाची भाषा माजघरातील, रोखठोक. तीत स्वतःची कीव नाही आणि पतीची आरतीही नाही. मराठीतील आत्मचरित्रांत तिच्या तोडीची पुस्तके थोडी.

लग्न निर्विघ्न लागले. पुण्यातील काही प्रतिष्ठित मंडळी हजर राहिली, अभिनंदनाची पत्रे आली. येथे गोष्ट संपली असती तर ती सोपी होती. पाऊल उचलण्याच्या दिवशी मनुष्याला एक प्रकारची झिंग असते. चार लोक पाठ थोपटीत असतात. कसोटी लागते ती त्यानंतरच्या साध्या, कोणी पाहत नाही अशा दिवसांत. कर्व्यांना ती लागली मुरुडास.

मुरुडवर त्यांचे विलक्षण प्रेम. मुंबईत असतानाच त्यांनी गावाच्या कामासाठी मुरुड फंड उभारला होता. त्याच गावच्या ब्राह्मणांनी सभा भरवून ठराव केला की, कर्व्यांशी कोणी संबंध ठेवू नये, आणि थोरल्या भावाने, भिकाजीपंतांनी, त्यांना घरात घेतल्यास तोही वाळीत पडेल. म्हणजे पुन्हा तेच: दंड दुसऱ्याला. भाऊ मुलाबाळांचा धनी; आई म्हातारी; त्यांना कोणता पेच पडला असेल हे सांगावयास नको. पुण्याचा प्रोफेसर आपल्या गावी परका झाला. जन्मदात्या आईच्या हातचे जेवावयास घरच्या पंक्तीत बसण्याची सोय राहिली नाही. ह्याबद्दल त्यांनी गावाला शिव्याशाप दिले नाहीत. भावाला कधी दोष दिला नाही. ठरावाविरुद्ध भांडून भावाच्या घरात शिरण्याचा हट्टही त्यांनी धरला नाही. काही तडफदार सुधारकांना हे मिळमिळीत वाटले. पण आपल्या तत्त्वाची किंमत आपण मोजावी, ती भावाच्या मुलींकडून वसूल करू नये, हा विवेक तडफेपेक्षा दुर्मिळ आहे. मुरुड फंडाचीही त्यांनी पाठ सोडली नाही.

पुण्यातही दिवस सोपे नव्हते, आणि त्यांचा भार मुख्यतः बायांवर पडला. प्रोफेसर सकाळी कॉलेजात जात. तेथे गणिताला सोवळे-ओवळे नाही. घरी राहणाऱ्या बाईला मात्र शेजार लागतो, मोलकरीण लागते, बाळंतपणाला आपले माणूस लागते. सावत्र मुलगा रघुनाथ घरात. त्याच्याखेरीज कर्व्यांचे नातलग आणि शिकावयास राहिलेले विद्यार्थी. लग्नानंतर काही काळाने बाया नागपुरास जाऊन सुइणीचे शिक्षण घेऊन आल्या. ह्याला धंद्याची हौस कारण नव्हती. नवऱ्याचा जीव सार्वजनिक कामात गुंतणार आणि पैका घरात टिकणार नाही, हे त्यांनी पुरते ओळखले होते. त्यांचा अंदाज चुकला नाही. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि आपली शिल्लक तर त्यात घातलीच, पण पाच हजारांची आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून दिली. आपल्या पश्चात बायकामुलांचे काय, ह्या प्रश्नाला त्यांच्यापाशी ईश्वर समर्थ आहे ह्यापलीकडे उत्तर नव्हते. आणि ते बायांना पुरेसे वाटले नाही, ह्यात नवल ते काय?

आश्रमाबरोबरच कर्व्यांच्या चरित्रातील एक वादग्रस्त भाग सुरू होतो. लग्नाच्याच वर्षी, १८९३ साली, त्यांनी पुनर्विवाहास उत्तेजन देणारी एक मंडळी स्थापिली होती आणि तिचे काम ते करीत होते. पण त्याच वर्षी शारदासदनातील धर्मांतराच्या प्रकरणावरून पुण्यात काहूर उठले होते. हिंदू आईबापांचा मुलींच्या वसतिगृहांवरचा विश्वास उडाला होता. आता कोणी विधवा मुलगी शिकावयास पाठवावी तर ती तेथे बाटविली जाणार नाही आणि तिचे परस्पर लग्नही लावले जाणार नाही, अशी हमी लागत असे. कर्व्यांनी ती दिली. आश्रमात पुनर्विवाहाचा पुरस्कार होणार नाही असा नियम झाला आणि खुद्द कर्व्यांनी त्या चळवळीतून अंग काढून घेतले. स्वतः विधवेशी लग्न लावणाऱ्याने असे करावे, ह्यावर टीका झाली, ती कठोर झाली.

हे भय होते की धोरण? दोन्हीही म्हणता येईल. एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे की, ह्या नियमाची सर्वांत मोठी झळ बायांनाच लागली. पुनर्विवाहित स्त्री आश्रमात वावरू लागली तर पालक मुली पाठविणार नाहीत. तेव्हा जिच्या लग्नातून ही सारी कल्पना निघाली तिलाच आश्रमाच्या कारभारात उघड जागा देणे अवघड झाले. संध्याकाळी कॉलेज सुटले की कर्वे चिखल तुडवीत हिंगण्याच्या माळावर चालत जात. तेथे १९०० साली आश्रमाची पहिली झोपडी उभी राहिली होती. बाया शहरात मुलेबाळे आणि घर सांभाळीत. मुरुडच्या सभेने घातलेला बहिष्कार निदान वैऱ्यांचा होता. हा घरच्या कामाने घातलेला. कर्व्यांच्या धोरणाने शेकडो विधवा शिकल्या, हे मान्य करूनही त्यांनी ह्या एका बाबतीत पत्नीला न्याय दिला असे म्हणता येत नाही.

ह्याच घराण्यातील आणखी एका बाईची कथा येथे जोडून सांगावयास हवी. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाली. पदरी एक मुलगा. कर्व्यांनी तिलाही पुनर्विवाहाचे सुचविले. तिने साफ नाकारले, आणि ते भीतीने नव्हे. तिला ते पटत नव्हते. थोरल्या बहिणीची वाट ती आपली वाट नाही, हे सांगण्यासही धीर लागतो. तिने शिक्षणाची वाट धरली. धुळाक्षरांपासून अभ्यासाला आरंभ केला तो सव्विसाव्या वर्षी. पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करण्यास ती गावोगाव हिंडू लागली. सोवळ्या बाईने परपुरुषांच्या सभेत उभे राहून बोलावयाचे, म्हणजे अंगाला कापरे भरावयाचेच. पण तीच बाई पाहता पाहता आश्रमाची भरवशाची वक्ती झाली. सोवळ्या वेषाचा ह्या कामी उपयोगही होई, सनातनी माणूसही तिच्यापुढे हात आखडीत नसे.

आणि तरी १९१२ साली, चाळिशी उलटल्यावर, पार्वतीबाईंनी केशवपन बंद केले आणि विधवेचा वेष टाकला. सुमारे वीस वर्षे जो वेष त्यांनी वागविला, ज्याने त्यांना लोकांत मान मिळवून दिला, तोच त्यांना अन्यायाचा वाटू लागला होता. बोलणाऱ्यांची तोंडे सुटली. ह्या वयात हे काय, असे आप्तही म्हणाले असतील. पहिला बदल तरुणपणी करणे एक, आणि लोकांना आपली एक मूर्ती आवडू लागल्यावर ती स्वतःच्या हाताने फोडणे निराळे. पुढे १९१८ साली इंग्रजी शिकण्याच्या उद्देशाने त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. वय अठ्ठेचाळीस, पुरेसे इंग्रजी नाही, जवळ पुरेसे पैसे नाहीत. तेथे त्यांनी परक्या घरी घरकाम करून दिवस काढले आणि भाषा शिकली. जिने आयुष्यभर सोवळे पाळले तिने परधर्मीयांच्या स्वयंपाकघरात भांडी घासावीत, ह्यात किती गाठी सुटल्या असतील ह्याची कल्पनाच करावी. १९२० साली त्या परत आल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचे पुस्तक १९२८ साली निघाले, आणि दोनच वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले.

रघुनाथरावांचेही एक वाक्य येथे खर्चावे लागेल. कर्व्यांच्या ह्या थोरल्या मुलाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या मतांपायी कॉलेजातील नोकरी सोडली आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. लग्नाच्या दिवशी जो अकरा वर्षांचा मुलगा होता तो हाच.

मुरुडचा ठराव कालांतराने आपोआप ढिला पडला, जसे असले सगळे ठराव पडतात. तो कोणी रद्द केला की नुसता विसरला गेला, हे विचारण्याची कोणाला गरज उरली नाही. आश्रमातून महिला विद्यापीठ निघाले, ते १९१६ साली. कर्व्यांना पदव्या मिळाल्या, मानपत्रे मिळाली. त्यांच्या वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १८ एप्रिल १९५८ रोजी, मुंबईस ब्रेबोर्न स्टेडियमवर प्रचंड समारंभ झाला, आणि त्यास पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आले. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न हा किताब देण्यात आला. पार्वतीबाई १९५५ साली गेल्या होत्या. बायाही तो सोहळा पाहावयास नव्हत्या. त्या आठ वर्षांपूर्वी, १९५० साली, निवर्तल्या होत्या.